डाग कथलाचा

वाचकहो, लॅपटॉपच्या कडेला चार्जरची वायर खोवण्यासाठी नखाएवढी जी लांबट फट असते, तिला तुमच्या घरी काय म्हणतात? आमच्या घरी सासूबाई तिला 'भोक' म्हणतात, यजमान 'पॉइंट' म्हणतात आणि धाकटी नणंद 'पोर्ट' म्हणते. परभाषेतल्या शब्दांना मराठी प्रतिशब्द शोधण्यावरच माझा चरितार्थ चालतो. परंतु या वस्तूपुढे मीही हात टेकले आहेत. 'संयोजक' म्हणावे, तर डोळ्यांपुढे छातीवर फीत लावलेला साहित्यसंमेलनाचा कार्यकर्ता उभा राहतो. तेव्हा आपण 'कनेक्टर' हाच शब्द चालवू. दुरुस्तीच्या बाजारातही तोच चालतो.

नाव नसलेल्या वस्तूकडे ती मोडेपर्यंत कोणी पाहत नाही. आजकालच्या बहुतेक यंत्रांत यूएसबी टाइप-सी नावाचा जो कनेक्टर असतो, तो एकदा उजेडात धरून पाहाच. जेमतेम साडेआठ मिलिमीटर रुंद आणि अडीच मिलिमीटर उंच अशी ती फट. तिच्या मधोमध कागदी पुठ्ठ्याएवढी पातळ जीभ. आणि त्या जिभेच्या वरच्या अंगाला बारा व खालच्या अंगाला बारा अशा चोवीस सोनेरी पट्ट्या. वायर उलटी लावली काय नि सुलटी लावली काय, ती चालते ती या दुहेरी रचनेमुळे. कर्त्यांनी आणखी एक शहाणपण केले आहे. झिजणाऱ्या स्प्रिंगा त्यांनी यंत्राच्या बाजूला न ठेवता वायरीच्या टोकात बसवल्या. झिजायचे तर स्वस्त वस्तूने झिजावे, हा त्यातला हिशेब. दहा हजार वेळा वायर लावावी व काढावी, इतके आयुष्य या कनेक्टरला धरलेले असते. रोज चार वेळा लावली-काढली, तरी जवळजवळ सात वर्षे झाली.

पण हा सगळा हिशेब सरळ लावण्याचा नि सरळ काढण्याचा. आडवा हिसका कोणी हिशेबात धरलेला नसतो. दिल्लीची थंडी तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. जानेवारीत खोलीतल्या भिंतीवरच्या एकमेव धडक्या सॉकेटावर हीटरचा हक्क असतो आणि लॅपटॉपची वायर पलीकडच्या खोलीतून ताणून आणावी लागते. त्या ताणलेल्या वायरीत शेजारच्या मुलाचा पाय अडकला. मूल पडले नाही, लॅपटॉपही पडला नाही. फक्त 'कट्' असा आवाज झाला.

पहिले दोन दिवस यंत्राने अशी मौज केली की, वायर एका बाजूने लावली की ते चार्ज होई आणि उलटी लावली की मुके बसे. हे लक्षण ध्यानात ठेवण्यासारखे आहे. टाइप-सीच्या त्या चोवीस पट्ट्यांत वरच्या व खालच्या अंगाला एकेक पट्टी केवळ बोलणी करण्यासाठी असते. चार्जर प्रथम पाचच व्होल्टांचा दाब देतो. मग यंत्र व चार्जर या पट्टीवरून आपसांत ठरवतात आणि दाब वीस व्होल्टांपर्यंत चढतो. एका अंगाची बोलणारी पट्टी तुटली, तर तेवढ्या अंगाने बोलणी होत नाहीत. त्यावर पुष्कळ जण करतात ते असे, की वायर जराशी वाकवून, खाली पुस्तकाची टेकण देऊन काम भागवतात. ते मात्र करू नये. बोलणाऱ्या पट्टीला अगदी खेटूनच वीज वाहणारी पट्टी असते. मोडक्या जिभेत त्या दोघी एकमेकींना शिवल्या, तर पाच व्होल्टांची सवय असलेल्या नाजूक चिपेवर एकदम वीस व्होल्ट येऊन पडतात. आणि मग दुखणे कनेक्टराचे राहत नाही, बोर्डाचे होते.

आम्ही यंत्र उचलून सेवाकेंद्रात नेले. केंद्राचे नाव सांगण्याचे कारण नाही. सगळीकडची रीत थोड्याफार फरकाने तीच आहे. काचेच्या टेबलामागच्या अतिशय सौजन्यशील तरुणाने पाच दिवसांनी कळवले, की मदरबोर्ड बदलावा लागेल. खर्च एकतीस हजार रुपये. मी विचारले, "पण मोडला आहे तो एक कनेक्टर ना?" तो म्हणाला, "होय. पण बोर्डावरचा सुटा भाग आम्ही बदलत नाही. पूर्ण बोर्डच बदलतो."

यंत्र चार वर्षांचे. घरात तेवढे एकच. रात्री मी त्याच्यावर घरचे भाषांतर करते, सकाळी यजमान हिशेब लिहितात, आणि उरलेला सारा दिवस ते नणंदेच्या मांडीवर असते. कारण तिचा प्रबंध मार्चअखेर सादर व्हायचा होता. प्रबंधाच्या प्रती आम्ही इतरत्र ठेवलेल्या होत्या, म्हणून त्याची धास्ती नव्हती. तरी जाता जाता सांगते, की हल्लीच्या पुष्कळ पातळ यंत्रांत साठवणुकीची चिपसुद्धा मदरबोर्डावरच पक्की बसवलेली असते. बोर्ड बदलला की त्याच्याबरोबर सारा मजकूरही जातो. आमच्यापुढे प्रश्न होता तो पैशांचा. घरात त्या वेळी एकतीस हजार होते ते नणंदेच्या पुढच्या सहामाहीचे शुल्क आणि खोलीभाडे म्हणून बाजूला काढलेले. म्हणजे प्रबंध पुरा करण्यासाठी यंत्र घ्यावे, तर पुढच्या शिक्षणाचे पैसे त्यात जाणार. सासूबाईंनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि म्हणाल्या, "अगं, एक वीट निखळली म्हणून चूल कोणी नवी घालतं का?"

येथे सेवाकेंद्राची बाजूही मांडली पाहिजे. मोडलेला कनेक्टर काढताना बोर्डावरची तांब्याची पातळ टिकली उखडली, तर जबाबदारी कोणाची? अशा कामाला सरावलेला हात लागतो, आणि गावोगावच्या केंद्रांत तसे हात कोठून आणावेत? अख्खा बोर्ड काढून दुसरा बसवणे हे काम चार स्क्रूंचे. ते कोणालाही शिकवता येते, आणि नव्या बोर्डाची हमीही देता येते. हे सर्व खरे आहे. पण मग असे सरळ सांगावे, की हे काम आम्ही करीत नाही, ते करणारे बाहेर आहेत. 'होत नाही' आणि 'आम्ही करत नाही' या दोन वाक्यांत फार अंतर आहे, आणि भाषांतराच्या धंद्यात असल्या अंतरावर माझी फार बारीक नजर असते.

बाहेर करणारे आहेत, आणि बहुतेक प्रत्येक मोठ्या शहरात आहेत. मुंबईच्या वाचकांना लॅमिंग्टन रोड ठाऊक आहे, चेन्नईकरांना रिची स्ट्रीट, बंगळुरूच्या लोकांना एस. पी. रोड, कलकत्त्याला चांदनी मार्केट. दिल्लीत नेहरू प्लेस. मधल्या फरसबंद चौकात शाई भरणारे, बॅगा विकणारे, लॅपटॉपच्या कळा बदलून देणारे यांची दाटी. आणि भोवतालच्या उंच इमारतींच्या जिन्याखाली, पोटमाळ्यांत, आठ बाय दहाच्या खोल्यांत बोर्डावर काम करणारे कारागीर. नणंद व मी तिघांकडे विचारीत विचारीत चौथ्याकडे पोहोचलो. हा दरभंग्याकडचा मनुष्य, वय चाळिशीच्या आसपास, कपाळावर चष्मा आणि डोळ्यांपुढे सूक्ष्मदर्शक. त्याची हिंदी मी माझ्या मराठीत देते आहे, सवयच ती.

त्याने आधी काही उघडले नाही. अंगठ्याएवढा एक मोजमापक वायर आणि यंत्र यांच्यामध्ये लावला. एका बाजूने आकडा पाचवर थांबला, दुसऱ्या बाजूने वीसवर गेला. "कंट्रोलर जिवंत आहे," तो म्हणाला, "तुम्ही वेळेवर आणलंत." मग पाठ उघडून त्याने सर्वांत प्रथम बॅटरीची जोडणी सोडवली. एवढे जो करीत नाही त्याच्या हाती यंत्र देऊ नये. कारण चार्जर काढलेला असला, तरी बॅटरीची वीज बोर्डावर असतेच. बोर्ड बाहेर काढून त्याने सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि म्हणाला, "दीदी, हे पाहा." आम्ही आळीपाळीने पाहिले. कनेक्टराची जीभ मुळाशी चिरली होती. आणि तिच्यामागे बोर्डावरच्या ज्या टिकल्यांवर तिचे पाय टेकलेले असतात, त्यांतली एक कड सोडून उचलली गेली होती.

"हिसक्यानं पॅड उठला आहे," तो म्हणाला. "काढताना आणखी एखादा उठेल. तार टाकून जोडता येतो. पण आतला थर फाटला, तर बोर्ड हातचा जाईल. तसं झालं तर मी पैसे घेणार नाही. मात्र यंत्रही चालू देऊ शकणार नाही. करू का?"

मी नणंदेकडे पाहिले, तिने माझ्याकडे. नाही म्हटले, तर एकतीस हजार आणि शुल्क बुडाले. हो म्हटले आणि बिघडले, तरी एकतीस हजारच. परंतु आज जे एका बाजूने का होईना चालत होते, तेही जाणार. यजमानांना फोन करावा असे माझ्या मनात आले. पण प्रबंध जिचा होता तिने विचारले, "अशी किती केली आहेत?" त्याने भिंतीकडच्या डब्याकडे बोट केले. मोडक्या कनेक्टरांनी डबा गळ्यापर्यंत भरला होता. "करा," ती म्हणाली.

पुढची पाऊण तास चाललेली गोष्ट मी उभी राहून पाहिली, आणि वाचकहो, ती पाहताना मला सारखे आठवत राहिले ते आजोळ. ग्वाल्हेरला आजीच्या दारी कल्हईवाला येई. तांब्यापितळेच्या भांड्यांत आंबट पदार्थ कळकतो, म्हणून त्यांना आतून कथलाचा हात द्यावा लागे. जमिनीत खळगा, त्यात कोळसे, बाजूला भाता. भांडे तापले की तो चिमूटभर नवसागर टाकी. भसकन पांढरा धूर निघे. मग कथलाची कांडी टेकवून कापडाच्या बोळ्याने एक गिरकी देई आणि काळवंडलेल्या भांड्याच्या पोटात चांदी पसरे. लहानपणी मला वाटे, जादू त्या कांडीत आहे. खरे काम नवसागराचे असते. धातूवर हवेने जो पापुद्रा चढलेला असतो, तो नवसागर खाऊन टाकतो; त्याखालचा स्वच्छ धातू उघडा पडला, तरच कथील त्याला धरते.

नेहरू प्लेसच्या त्या खोलीत अगदी हेच चालले होते. नवसागर येथे चालत नाही, त्याने मागाहून तांबे गंजते. त्याऐवजी पिवळट चिकट फ्लक्स. त्यात मुख्यतः राळ असते. हिमाचल-उत्तराखंडच्या डोंगरांत चीड वृक्षांच्या खोडांना खाचा देऊन जो चीक गोळा करतात, तिकडे त्याला लीसा म्हणतात, त्यातून टर्पेंटाइन काढून घेतले की राहते ती राळ. तापली की तीही पापुद्रा साफ करते, आणि निवली की निरुपद्रवी होऊन बसते. सोनार डाग देतो, कोणी त्याला डाख म्हणतात, त्याच जातीचे हे काम. कारागीर कथलाला 'रांगा' म्हणत होता. त्याच्या समोरचा बोर्ड आधुनिक असेल. हातातले साहित्य झाडाचा चीक आणि कथील हेच होते.

अवघडपणा कशात आहे तेही त्याने काम करता करता सांगितले. शुद्ध कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते. त्यात शिसे मिसळले, त्रेसष्ट भाग कथील नि सदतीस भाग शिसे, तर मिश्रण १८३ अंशांनाच पातळ होते. डागाचे पूर्वीचे काम याच मिश्रणाने होई. परंतु शिसे विषारी. युरोपने १ जुलै २००६ पासून घरगुती विजेच्या उपकरणांत त्याला जवळजवळ मज्जाव केला, आपल्याकडेही १ मे २०१४ पासून त्याच्या प्रमाणावर बंधन आले, आणि कारखाने कथील, चांदी व तांबे यांच्या मिश्रणाकडे वळले. ते वितळायला २१७ अंश व थोडे वर लागतात. शिवाय मदरबोर्ड दिसतो एका पत्र्यासारखा, पण त्याच्या पोटात तांब्याचे कितीतरी थर असतात. कनेक्टराचे जे पाय त्यांतल्या मोठ्या थरांना जोडलेले असतात, तेथे दिलेली उष्णता थर पिऊन टाकतात. घाईने जास्त आंच द्यावी तर शेजारचे प्लॅस्टिक वितळते. कमी द्यावी आणि ओढावे, तर टिकली उखडते.

म्हणून त्याने ओढले नाही. प्रथम बोर्ड खालून मंद शेकला. आजूबाजूच्या भागांवर पिवळी उष्णतारोधक फीत चिकटवली. मग जुन्या डागांवर मुद्दाम थोडे शिशाचे मिश्रण चढवले, म्हणजे कारखान्याचे कथील कमी आंचेवर सैल पडेल. फ्लक्स लावून गरम हवेची नळी गोल गोल फिरवू लागला. एका जागी क्षणभरही ठेवीना. दुसऱ्या हातात चिमटा, आणि त्याने तो कनेक्टराला नुसता टेकवून ठेवला होता. एकाएकी सगळ्या पायांखालचे कथील चमकले आणि कनेक्टर पाण्यावरच्या पानासारखा हलला. तेव्हा त्याने तो उचलला. फुंकर घातली नाही, हिसका दिला नाही. तांब्याच्या तारांच्या विणलेल्या फितीने भोकांतले उरलेले कथील टिपून घेतले आणि पुन्हा सूक्ष्मदर्शकाकडे गेला. "एकच गेला आहे," तो म्हणाला. "तोच. आधीचा."

गेलेली टिकली त्याने केसाएवढ्या मुलामा दिलेल्या तांब्याच्या तारेने जोडली. तारेचे एक टोक बोर्डावरच्या रेषेचा रंग खरवडून तिला, दुसरे नव्या कनेक्टराच्या पायाला. वर हिरव्या लेपाचा थेंब, आणि तो निळसर प्रकाशाखाली घट्ट केला. नव्या कनेक्टराचे पाय आणि बोर्डावरची भोके तंतोतंत जुळावी लागतात. टाइप-सीची फट सगळीकडे सारखी, पण मागचे पाय मात्र प्रत्येकाचे निराळे. याचा शोध घेण्यात त्याचा अर्धा तास आधीच गेला होता. शेवटी मिळाला तो एका मेलेल्या बोर्डावरून काढलेला. असे बोर्ड भंगारात किलोने विकले जातात. त्यांतले पुष्कळ सीलमपूरसारख्या ठिकाणी उघड्यावर जाळले अथवा आम्लात बुडवले जातात, आणि ती आम्ले हाताळणाऱ्यांत लहान मुलेही सापडली आहेत, हे येथे विसरता येत नाही. नवे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. पण जो बोर्ड भंगारात गेलाच नाही, त्याला नियमाची गरजच पडत नाही.

नवा कनेक्टर बसला. चार्जर लावण्याआधी त्याने मापकाने शेजारशेजारच्या पायांत कोठे कथलाचा पूल पडला नाही ना, हे पाहिले, अल्कोहोलने चिकट फ्लक्स पुसून काढला. मग वायर लावली. आकडा पाच. आम्ही दोघी श्वास रोखून. वीस. त्याने वायर काढून उलटी लावली. पाच, आणि पुन्हा वीस.

त्याने अठराशे रुपये घेतले. त्यांतले सत्तर कनेक्टराचे. बाकीचे कशाचे, हे विचारण्याची मला गरज वाटली नाही. पण बोर्ड बदलण्याचे बिल वाचताना मात्र मला एक गोष्ट खटकली होती. एकतीस हजारांत बोर्डाचा भाव होता, कर होता, 'मजुरी' सहाशे होती. ज्या पद्धतीत वस्तूचा भाव एवढा आणि हाताचा भाव एवढासा मांडला जातो, तेथे हात सुधारावा असे कोणाला का वाटेल? ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचा आराखडा करण्यासाठी जुलै २०२२ मध्ये समिती नेमली, आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहकदिनी, दुरुस्तीची माहिती एकत्र देणारे पोर्टल सुरू झाले. शेतीची अवजारे, वाहने, घरगुती उपकरणे आणि मोबाइल यांच्यापासून त्याचा आरंभ झाला. उत्पादकांनी सुटे भाग द्यावेत, नकाशे द्यावेत, ही मागणी योग्यच आहे. त्या खोलीतला मनुष्य बोर्डाचा नकाशा कोठून कोठून मिळवलेल्या अस्पष्ट प्रतीवरून वाचत होता. त्याच्या हाती स्वच्छ प्रत पडली, तर त्याचे निम्मे अंदाज वाचतील. मात्र नकाशा मिळाला म्हणून कथील चमकण्याचा तो क्षण ओळखता येणार नाही. तो ओळखायला काय लागते ते खोलीच्या कोपऱ्यात दिसत होते. अठरा-एकोणीस वर्षांचा एक मुलगा मेलेल्या बोर्डावरून कनेक्टर काढीत होता आणि तोच पुन्हा बसवीत होता. सहा महिने झाले, अजून त्याला चालू यंत्राला हात लावू दिलेला नाही, असे उस्तादाने सांगितले. मुलाने मान वर केली नाही; त्याच्या चिमट्याखाली काहीतरी नुकते हलू लागले होते.

नणंदेचा प्रबंध मार्चमध्ये सादर झाला आणि सहामाहीचे शुल्कही भरले. हीटर आता बासनात आहे, वायर भिंतीच्या कडेने जाते. तुमच्या यंत्राची वायरही महिन्यातून एकदा उलटी लावून पाहा; दोन्ही बाजूंनी चालते की एकाच, एवढे पाहायला अर्धा मिनिट पुरतो.